पाचव्या दगडाखालचं शेवाळ

नांदेड
१९ नोव्हेंबर १९८२

गौरे,

बाटली पोचली. तुझे दीर गुरुपादप्पा कॉलेजात आले आणि फाटकावरच्या शिपायाला म्हणाले, "शेवाळाच्या बाई कुठं बसतात?" शिपायानं त्यांना बरोबर माझ्यासमोर आणून उभं केलं. आता अख्खं कॉलेज मला शेवाळाच्या बाई म्हणून राहिलंय. तुझं भलं होवो!

पण बाई गं, तू काय पाठवलंस याची तुला कल्पना आहे का? चिठ्ठीत लिहितेस, "दिवाळीचे कपडे धुताना झऱ्यातल्या दगडांना बुळबुळीत काहीतरी दिसलं, हॉस्टेलात तू असल्याच घाणीपायी वेडी व्हायचीस, म्हणून पाठवतेय." घाण म्हणे! बी.एस्सी.ला माझ्यापेक्षा जास्त मार्क तुला होते, विसरलीस? लग्न होऊन उदगीरकडं गेलीस म्हणून डोळे काय माहेरी ठेवून गेलीस?

हे लाल शेवाळांपैकी आहे. नाव लाल असलं तरी गोड्या पाण्यातली ही मंडळी दिसतात करडी-हिरवी, बेडकाच्या अंड्यांची माळ असावी तशी. समुद्रात लाल शेवाळं ढिगानं सापडतात. गोड्या पाण्यात थोडी, आणि त्यांना पाणी हवं थंड, वाहतं, स्वच्छ, सावलीतलं. यंदा आपल्याकडं पावसानं तोंड फिरवलंय आणि ह्या बाईसाहेब तुमच्या माळावर सुखानं नांदतायत! सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मणी म्हणजे बारीक फांद्यांचा झुपका दिसतो. माझ्याकडच्या पुस्तकांतल्या एकाही चित्राशी तो पुरता जुळत नाही.

नवी जात असेल का गं? पण जात ठरते ती मादी-भागावरून, फळ धरल्यावर. तू पाठवलेलं कोवळं आहे. मद्रासला एक म्हातारे सर आहेत, हयात शेवाळांत घातलेली. त्यांना चित्रं काढून पाठवलीत. मला आता दम निघत नाही. मी कधी येऊ ते कळव.

तुझी
चांगुणा

•

सोमनाळ, ता. उदगीर
जि. लातूर (हात अजून उस्मानाबादच लिहितो)
२८ नोव्हेंबर

चांगू,

तुझं पत्र मी चुलीपुढं बसून वाचलं आणि भाकर करपली. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई दानम्मा, म्हणल्या, "कुणी मेलं का काय?" म्हणलं, न्हाई अव्वा, जन्मलं बहुतेक.

मग संध्याकाळी घागर घेऊन गेले आणि तुझ्या बाईसाहेबांना नीट बघितलं. आमच्या रानाच्या टोकाला जांभ्या खडकातून पाणी पाझरतं, वर उंबर वाकलेला. खाली परातीएवढा खळगा आणि त्यात पाच गुळगुळीत दगड. त्या दगडांवर ही पाण्यासंगं हलत असते. गावातल्या विहिरी तळाला गेल्यात, आता सगळं गाव ह्याच झऱ्यावर. एवढे दिवस पाय धुवून राहिले तिथं, आणि मला काही दिसलं न्हाई! माझी मलाच चीड आली बघ.

तलाठ्यानं नव्या जिल्ह्याचा नकाशा आणलाय. त्यात आमचं सोमनाळच न्हाई. माझे मालक, सिद्धराम, तासभर बोट फिरवत बसले. पाहुणं शेवाळ नकाशात येईल बहुतेक, गाव राहील बाहेर!

तू मात्र आत्ता येऊ नको. रस्त्याचं दुष्काळी काम निघालंय, खडी पसरलीय, एस.टी. फाट्यापर्यंतच येते. घरातही लई गडबड हाय. मीच ताजं शेवाळ पाठवते.

तुझी
गौरी

•

नांदेड
८ डिसेंबर

गौरे,

तुझी दुसरी बाटली एस.टी.त तापून आली. आत नुसता वास होता. मी टेबलावर डोकं टेकून रडले. एम.एस्सी.ची पोरं बघत होती, बघू देत.

मद्रासच्या सरांचं उत्तर आलं. लिहितात, असलं मी कुठंच पाहिलेलं नाही, पण फळ धरलेली मादी दाखवल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, आणि ती तुम्ही स्वतः जागेवरून काढलेली हवी. ही शेवाळं थंडीत पिकतात आणि ऊन चढलं की जातात. तुमचा झरा तोवर टिकेल का, हेही कुणाला ठाऊक नाही. आत्ता नाही जमलं तर कधीच नाही, अशी माझी गत झालीय.

मी फाट्यापासून चालत येईन. देगलूरची पोर आहे मी, चालण्याचं भय मला सांगू नको. खडी, एस.टी., गडबड, हे सगळं मी वाचलं. आता खरं सांग. चार वर्षं हॉस्टेलात एका ताटात जेवलो. तुझ्या लग्नाची पत्रिका मला लग्नानंतर मिळाली, तेव्हा मी काही बोलले नाही. सोनकांबळेंची पोर झऱ्यावर आली तर अव्वाला चालणार नाही, हेच ना? तसं असेल तर तसं लिही. खडीवर ढकलू नको.

चांगुणा

•

सोमनाळ
१७ डिसेंबर

चांगू,

हाव. तेच हाय. झालं समाधान?

अव्वाच्या गळ्यात लिंग हाय, पूजेचं पाणी त्याच झऱ्याचं. तुझं नाव ह्या घरात सगळ्यांना मालूम हाय, आडनाव मी कधी काढलं न्हाई. पत्रिकेचं तू बोललीस ते बरं केलंस, मला वर्षानुवर्षं ते टोचून राहिलंय.

तुझं पत्र आल्यापासून कशात मन लागेना. शेवटी काल अव्वाला सांगून टाकलं. चांगुणा सोनकांबळे, देगलूरची, कॉलेजात शिकवते, आपल्या झऱ्यात तिला जगात कुणाला न सापडलेलं काही सापडलंय, तिला यायचंय. अव्वा शेंगा फोडत बसल्या होत्या. फोडतच राहिल्या. मग म्हणल्या, "एळवशीला बोलाव."

एळवस, म्हणजे वेळ अमावस्या, तुम्ही देगलूरकडं करता का न्हाई मला ठाऊक न्हाई. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवतं. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पाच दगड मांडायचे, तेच पाच पांडव. चुन्यानं रंगवून त्यांची पूजा, मग डाळी-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी रानात आलेल्याला कुणी जात विचारत न्हाई, निदान तोंडानं तरी न्हाई. म्हणून अव्वानं तो दिवस काढला असेल. काही झालं तर मला दोष देऊ नको, किंवा दे. पण ये.

यंदा एळवस आणि संक्रांत एकाच दिवशी, चौदा जानेवारीला.

गौरी

•

नांदेड
२७ डिसेंबर

गौरे,

येते.

दादांना सांगायला देगलूरला गेले होते. आमच्या दादांनी छप्पन साली घरातले देव पाटीत घालून बाहेर नेऊन ठेवले, तुला माहीतच आहे. त्यांना वाटलं मी भांडायला निघालेय. म्हणाले, "जा. जेवायला बोलावलं तर जेव, पोटभर जेव. फक्त कशापुढं हात जोडू नको." म्हटलं, दादा, मी शेवाळ काढायला चाललेय. ते हसले, पण डोळ्यांनी नाही.

आता नीट वाच. रोज एकदा मण्यांकडं बघ. मण्यांत गडद ठिपके दिसू लागले की फळ धरलं समज. आणि दगडांना कुणाला हात लावू देऊ नको. धुणं नको, घासणं नको. मी इथं तारखा मोजून राहिलेय आणि वर्गात भलतंच शिकवून राहिलेय.

चांगुणा

•

सोमनाळ
६ जानेवारी १९८३

चांगू,

ठिपके आले! काळपट, मोहरीहून बारीक. अय्यो, मी तिथंच उकिडवी बसून हसत होते. पाणी आटलंय, करंगळीएवढी धार हाय. बाया वाटीनं पाणी भरतात, नंबर लावून. सगळ्यांना सांगून ठेवलंय, धुणं खाली न्या, खळग्यात साबण न्हाई. ऐकतात बिचाऱ्या.

अव्वा मात्र अंगात वारं भरल्यासारख्या फिरून राहिल्यात. शहरातली शिकलेली पाहुणी येणार म्हणून तीळ काय, डाळी काय, चुना काय! आमचे जुने पांडव रस्त्यावाल्यांनी खडीत फोडून टाकले. त्या कामावर शिव्यांचा पाऊस पाडून झाला. पांडवांचं मी बघते म्हणल्या, तू तुझं भज्जीचं बघ. ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, म्हणून कोप तुराट्यांची करणार.

सिद्धराम फाट्यावर बैलगाडी घेऊन येतील. ये गं लवकर.

गौरी

•

नांदेड
१७ जानेवारी

गौरे,

निघताना तुझ्याशी धड बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

गाडीतून उतरले ती पळतच झऱ्यावर गेले. खळगा रिकामा. एक दगड नाही, खालचा खडकसुद्धा खरवडून स्वच्छ. तू माझ्या मागं उभी होतीस, तुझा चेहरा पांढरा पडला होता. तुलाही पत्ता नव्हता, तेवढं मला कळलं. आणि मग कोपीत पाच दगड, चुन्यानं न्हालेले, वर तांबडी काव, वर हळदकुंकू. तुझ्या अव्वा कौतुकानं सांगत होत्या, "वाहत्या पाण्यातले हायेत, लई शुद्ध. बुळबुळ होती, नारळाच्या काथ्यानं घासून घासून काढली. पाहुणी येणार म्हणलं, घाण बरी दिसती का?"

काय बोलू? माझ्यासाठी घासले गं त्यांनी! माझं जे काही होतं ते माझ्याच मानपानात गेलं. भांडायला तोंड तरी कुठं होतं?

त्यांनी आंबिलीचा तांब्या उचलला तो वरून ओतायला. मी ओंजळ पुढं केली नाही, तू खाली बघत होतीस. तेवढ्यात मला दिसलं, पाचवा दगड, शेवटचा, थोडा कलंडला होता आणि खालच्या बाजूला चुना पोचला नव्हता. कडेला ओलसर, करडं काही चिकटलेलं. मी खाली वाकले. गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं, दगडाखाली बोटं घातली आणि केसांच्या आकड्यानं ते खरवडून काढलं. नखाएवढं. डबीत टाकलं. उठले. अव्वांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "सुखी ऱ्हा." आणि तोच तांब्या माझ्या हातात दिला.

मी तो तोंडाला लावला आणि प्याले. आंबील लई चांगली होती. तेव्हापासून ती माझ्या घशात अडकलीय.

नखाएवढ्या त्या तुकड्यात मादी आहे, गौरे. पिकलेली. तिचं टोक असं पिळलेलं आहे की मी कुठल्याच चित्रात पाहिलेलं नाही. स्लाईड मद्रासला रवाना केली. आनंद व्हायला हवा तेवढा झालेला नाही, कारण अव्वांना वाटतं मी पांडवांच्या पाया पडले. मी पडले नाही. त्यांना सांग.

चांगुणा

•

सोमनाळ
२६ जानेवारी

चांगू,

हात जोडते, हे सांगायला लावू नको.

तू गेल्यापासून अव्वा गावभर सांगत फिरून राहिल्यात, "सोनकांबळ्याची लेक, एवढी शिकलेली, पण पांडवांपुढं कशी वाकली बघा!" परवा झऱ्यावर नंबरावरून भांडण लागलं, तर तुमच्या समाजाच्या बायांना अव्वानं स्वतः पुढं घेतलं. कधी झालं होतं का असं? आता जाऊन सांगू, की अव्वा, ती तुमच्या देवाच्या न्हाई पाया पडली, शेवाळ खरवडत होती? आणि वरून सांगू, की तिच्या जिवाचं जे होतं ते तुम्हीच काथ्यानं घासून टाकलं?

बाई मोडेल. ती मोडली न्हाई तर मग माझी धडगत न्हाई. एवढीशी गोष्ट, कुणाचं काय बिघडतं? तुला शेवाळ मिळालं, तिला पाहुणी मिळाली. राहू दे ना.

गौरी

•

नांदेड
९ फेब्रुवारी

गौरे,

सरांचं उत्तर आलं. नवी जात आहे. म्हातारा एवढा खूश झालाय की अक्षर पत्राबाहेर चाललंय. त्यांनी मला "प्रिय सहकारी" लिहिलंय. मी ते दादांना वाचून दाखवलं, दोनदा.

आता निबंध लिहायचा. त्यात लागतं, कुठं सापडलं, कशावर, कोणत्या स्थितीत. मी लिहिलंय: सोमनाळ, झऱ्यातला दगड, वेळ अमावस्येच्या पूजेसाठी घासून चुना लावलेला, त्याच्या खालच्या बाजूवर. स्लाईडबरोबरही हेच कळवलं होतं, त्यावर सर लिहितात, चुन्याचं वगळलं तर सुटसुटीत होईल. मी वगळणार नाही. गौरे, शेवाळाबद्दल मी अक्षर खोटं लिहीत नाही आणि माझ्याबद्दल तुझ्या घरात खोटं नांदतंय, हे मला सोसवत नाही.

तू म्हणतेस, कुणाचं काय बिघडतं. माझं बिघडतं! वाकायच्या आधी तांब्या वर होता आणि वाकल्यावर हातात आला. तो ज्या चांगुणेला मिळाला ती मी नाहीच. आमच्या वस्तीतल्या बाया माझ्या वाकण्यावर पाणी भरत असतील, तर उद्या न वाकणारी आली की त्यांना पुन्हा मागं ढकलतील. दादांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांच्याकडं बघवत नाही.

दुसरं. सर म्हणतात, पुढच्या थंडीत त्याच जागी पुन्हा सापडलं पाहिजे, नाहीतर लोक नखाएवढ्या तुकड्यावर शंका घेतील. याचं बारीक रूप खडकाला चिकटून उन्हाळा काढतं म्हणतात. अव्वांच्या काथ्यातून वाचलं असेल तर.

निबंधावर आपली दोघींची नावं आहेत. आणि जातीला तुझं नाव द्यायचं ठरवलंय. हो म्हण.

चांगुणा

•

सोमनाळ
२२ मार्च

चांगू,

झरा आटला. टँकर येतो, नव्या जिल्ह्याचा शिक्का मारलेला. आला तर येतो.

तुझ्या पत्रावर लई चिडले होते. फाडणार होते. मग ते डब्यात ठेवलं आणि रोज डबा उघडला की ते वर. शेवटी गेल्या आठवड्यात सांगितलं, सगळं. तू का वाकलीस ते, आणि काथ्याचं पण. अव्वा ऐकून उठल्या आणि रानात निघून गेल्या. मी दारात उभी, सिद्धराम माझ्यावर ओरडून राहिले.

परत आल्या त्या जेवल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणल्या, "काय दिसतं तरी काय त्यात तिला?" तू पत्रासंगं पाठवलेलं शेवाळाचं चित्र दाखवलं. लई वेळ बघितलं. मग एकच विचारलं, "मी घासत होते तवा तू कुठं होतीस?" म्हणलं, भज्जीपाशी, तुम्हीच बसवलं होतं.

परवा बघते तर पाचही पांडव कोपीतून उचलून कोरड्या खळग्यात नेऊन ठेवलेत, चुना झाडून, होते तसे. मी म्हणलं, अव्वा, देव असा हलवतात का? म्हणल्या, "देव कुठंबी बसतो. त्याला जागा लागत न्हाई. हिला लागती." पण तुझं नाव त्या दिवसापासून त्यांनी काढलं न्हाई. झऱ्यावर आता पाणीच न्हाई, त्यामुळं कोण पुढं कोण मागं हे कळायलाही मार्ग न्हाई.

माझं नाव देऊ नको. सोमनाळचं दे. नकाशात न्हाई तर न्हाई, तुमच्या त्या लॅटिनात तरी राहील.

गौरी

•

सोमनाळ
११ डिसेंबर १९८३

चांगू,

एवढे महिने दोन ओळींपुढं लिहिलं न्हाई, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. पाऊस झाला, झरा श्रावणात वाहिला, दगड मात्र कोरे. तू दर पत्रात विचारायचीस आणि मी न्हाई, न्हाई लिहायची. दिवाळी गेली तरी न्हाई. मी आशा सोडली होती. तुला कसं कळवावं ह्याच विचारात होते.

अव्वानं सोडली नव्हती. रोज पहाटपूजेचं पाणी आणायला जातात, आणि खळग्यात हात घालून दगडांच्या खालून बोटं फिरवतात. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय. आज सकाळी पाणी न घेताच आल्या, ओला हात तसाच पुढं धरून. म्हणल्या, "बुळबुळ लागली."

पळत गेले. हाय, चांगू! पाचव्या दगडाला पोटाशी, आणि वरच्या खडकाच्या कपारीत, जिथं काथ्या पोचला नव्हता तिथं. करडी-हिरवी माळ, पाण्यासंगं हलणारी. मी रडले आणि अव्वा मला रागावल्या, पाण्यात नाक शिंकरू नको म्हणल्या. झऱ्यावर तुमच्या वस्तीतली कोंडाबाई घागर घेऊन उभी होती. अव्वानं तिला हाताला धरून वाकवलं आणि दाखवलं, कुठं पाय द्यायचा न्हाई ते.

एळवस तीन जानेवारीला हाय. ह्यावेळचे पांडव सिद्धरामनं माळावरून आणलेत, कोरडे ठाक, अव्वानं भिंग मागून एकेक तपासला. आणि त्यांनी तुला निरोप द्यायला सांगितलाय. त्या बोलून राहिल्यात, मी तसाच लिहिते:

"चांगुणा, ह्यावेळी वाकू नको. वाकायचं असंल तर झऱ्यावर वाक. लागंल तेवढा वेळ बघ, भज्जी मी झाकून ठेवते. तांब्या तुझ्याच हातात देईन. दादांनाबी घेऊन ये, त्यांना सांग, हात जोडायला कुणी सांगणार न्हाई."

गौरी